बेळगावहून पावसाळ्यात वेंगुर्ला–शिरोडा: आखणी परतीच्या घाटापासून उलटी करा

भाताची लागण उरकली की बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणीकडची मंडळी गाड्या काढून समुद्राकडे निघतात. निघायलाच हवं. आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्याच्या खवळलेल्या दर्यासमोर उभं राहण्यासारखं आपल्या भागात दुसरं काही नाही. पण दर वर्षी तीच चूक होते. सकाळी आरामात नाष्टा करून निघायचं, आंबोलीच्या धबधब्याखाली दोन तास घालवायचे, दुपारी दोनला समुद्र गाठायचा आणि संध्याकाळी पाचला शिरोड्याहून परत फिरायचं. म्हणजे घाट चढायचा तो अंधारात, धुक्यात, दमलेल्या ड्रायव्हरच्या हातून.

मीही ही चूक एकदा केली आहे. ऑगस्ट महिना, गाडीत आम्ही चौघं मोठी माणसं आणि दोन लहान मुलं. घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीला पोचलो तेव्हा सात वाजले होते. अर्ध्या घाटात पुढच्या एसटीचे लाल दिवे अचानक थांबले. रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं. मागे गाड्यांची रांग लागली, वळायला जागा नाही, मोबाइलला रेंज नाही आणि टपावर पाऊस असा की आतलं बोलणं ऐकू येईना. एका ट्रकवाल्याकडे कोयता होता. तो आणि एसटीचा कंडक्टर बॅटरीच्या उजेडात फांद्या तोडत होते. अडीच तास गेले. मुलांना द्यायला आमच्याकडे एक बिस्किटाचा पुडा होता. त्या रात्रीपासून आमच्या घरी एकच नियम आहे: आधी परतीच्या घाटाची वेळ ठरवायची आणि बाकीचा दिवस तिथून मागे मोजत यायचा.

हा लेख बेळगाव–हिंडलगा–शिनोळी–पाटणे फाटा–चंदगड–आंबोली–सावंतवाडी या रस्त्याचा आहे. निपाणी, चिक्कोडी, संकेश्वरकडच्यांनी गडहिंग्लज–आजऱ्यावरून आंबोली गाठावी. तिथून पुढचं सगळं सारखंच.

## १. दिवस निवडा: आधी तिथी, मग रविवार

बहुतेक जण सुट्टी बघून दिवस ठरवतात. किनाऱ्यावर जायचं तर भिंतीवरच्या कॅलेंडरमधली तिथी आधी बघा.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं आणि आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती नेमकी दुपारच्या सुमाराला येते. आपण किनाऱ्यावर पोचतो तेव्हाच पाणी सगळ्यात वर चढलेलं. बसायला वाळू नाही, लाटा थेट सुरूच्या झाडांपर्यंत. अष्टमीच्या आसपास उलट असतं. भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी, ओहोटी दुपारी, शिवाय तो भांगाचा काळ असल्यामुळे पाण्याची चढउतारही कमी. एका दिवसात जाऊन यायचं असेल तर अष्टमीच्या दोन दिवस अलीकडे-पलीकडे जा.

कोकणातला जुना हिशेब असा: पंचांगातल्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो, वेंगुर्ल्याकडे भरती त्याहून थोडी आधी येते. दिवस निवडायला एवढा अंदाज पुरतो, निघायच्या आदल्या दिवशी मात्र भरतीच्या वेळापत्रकात नेमकी वेळ बघून कागदावर लिहून घ्या.

आता वार. जुलै-ऑगस्टच्या रविवारी आंबोलीत मुख्य धबधब्याजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लागतात आणि मधून एक गाडी जेमतेम जाते. मंगळवार-बुधवारची रजा मिळत असेल तर ती घ्या. रविवारच हवा असेल तर सकाळी आठच्या आत धबधबा मागे टाकायचा, हे पक्कं धरा.

तपासा: तिथी बघितली? भरती-ओहोटीची वेळ कागदावर आहे? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. पाऊस बघा, पण बेळगावचा नव्हे

"ऊन पडलंय की इथं, कसला पाऊस?" हे वाक्य मी निघायच्या सकाळी दरवेळी ऐकतो. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत ७,००० मिलिमीटरच्या पुढे. टिळकवाडीतलं ऊन बघून आंबोलीचा अंदाज बांधता येत नाही. चंदगड तालुक्यात शिरलात की आभाळ बदलतं आणि घाटमाथ्यावर ते वेगळंच असतं.

हवामान खात्याच्या अंदाजात आपण सवयीने कर्नाटकाचं पान उघडतो आणि बेळगाव जिल्हा बघतो. आपला प्रवास मात्र महाराष्ट्राच्या दोन जिल्ह्यांतून आहे. बघायचा तो सिंधुदुर्ग आणि कोल्हापूरचा घाटमाथा. यलो अलर्ट असेल तर तयारीने जा. ऑरेंज म्हणजे साधारणपणे २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस. अशा दिवशी मुलाबाळांना घेऊन घाट उतरू नये, असं माझं मत आहे. रेड असेल तर घरी थांबा.

आदल्या दोन दिवसांचा पाऊसही मोजा. दरड बहुधा डोंगर पाणी पिऊन जड झाला की सुटते, म्हणून दोन दिवस झोडपल्यानंतर उघडीप मिळालेली सकाळ फसवी असते. उचगावच्या आसपास मार्कंडेय नदीचं पाणी शेतांत पसरलेलं दिसलं तर पुढे चंदगडकडे ताम्रपर्णीही भरलेली असणार, हे ओळखा आणि पाटणे फाट्यावर चहा घेताना समोरून आलेल्या ड्रायव्हरला विचारा. त्याच्याइतकी ताजी बातमी कुठल्याच ॲपवर नसते.

समुद्रासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा उंच लाटांचा इशारा वेगळा बघावा लागतो. किनाऱ्यावर पाऊस नसतानाही लाटा मोठ्या असू शकतात.

## ३. घाट निवडा, आणि मोबाइलला निवडू देऊ नका

आपल्याकडून खाली उतरायला चार वाटा आहेत. त्यातली आंबोलीची सांगतो, कारण रस्ता रुंद आहे, एसटीची वर्दळ असते, अडकलात तर मदत मिळते. चोर्ला (जांबोटी–कणकुंबीवरून) आणि अनमोड (लोंढा–रामनगरवरून) या गोव्याच्या वाटा. वेंगुर्ल्यासाठी त्या लांब पडतात, आणि चोर्ल्याला कणकुंबीच्या पुढे रेंजही धड नसते.

चौथी तिलारीची. इथेच लोक फसतात. दोडामार्ग किंवा गोव्याचं ठिकाण टाकलं की मोबाइलचा नकाशा जवळची वाट म्हणून तिलारी घाट दाखवतो. तो अतिशय तीव्र उताराचा, अरुंद आणि आवळ वळणांचा आहे. पावसाळ्यात नवख्याने तिथे गाडी घालू नये. नकाशात मुक्कामाचं ठिकाण म्हणून आधी "आंबोली" टाका, तिथे पोचल्यावर "सावंतवाडी", आणि मग पुढचं. नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा.

## ४. गाडी: आदल्या दिवशी, दिवसाउजेडी

गॅरेजमध्ये नेऊन "सगळं बघा" म्हणण्यापेक्षा या पाच गोष्टी स्वतः बघा.

टायर: खाचांची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, पण ओल्या घाटाला ती पुरत नाही. ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर बदला किंवा दुसरी गाडी न्या. स्टेपनीतली हवाही बघा, ती कुणीच बघत नाही.

वायपर: काचेवर पाणी ओतून चालवा. एकही रेघ राहिली तर रबर बदला. दोनशे-चारशे रुपयांच्या रबरासाठी सहा माणसांचा जीव टांगू नये.

ब्रेक: मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाने दाबून बघा. गाडी एका बाजूला ओढली तर निघू नका.

काचेवरची वाफ: एसी चालू करून हवेचा झोत पुढच्या काचेकडे वळवा आणि बाहेरची हवा आत घेण्याचं बटण दाबा. आतलीच हवा फिरत राहिली तर वाफ जात नाही. हे बटण कुठे आहे ते अंगणातच शोधून ठेवा, घाटात शोधायला हात मोकळा नसतो.

दिवे: धुक्याचे दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर. मागे एक माणूस उभा करून बघा.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण शिनोळीच्या पुढे महाराष्ट्र आहे. पीयूसी आणि विम्याची मुदत बघा. भाड्याची पिवळ्या पाटीची गाडी असेल तर महाराष्ट्राचं परमिट आहे का ते मालकाला आधी विचारा. टाकी बेळगावातच भरा.

## ५. बरोबर काय घ्यायचं

पिशव्या दोन करा. एक डिकीत: कोरडे कपडे आणि टॉवेल प्लास्टिकमध्ये बांधून, ताडपत्री, गाडी ओढायचा दोर, एक कोयता. दुसरी पायाशी: बॅटरी, पाणी, शेंगदाणे-गूळ, भाकरी-चटणी किंवा चपात्या, काच पुसायला जुनं सुती धोतर, सुटे पैसे. रेंज नसेल तिथे फोनवरून पैसे जात नाहीत.

गाडी लागणाऱ्यांनी उलटीची गोळी चंदगडला घ्यावी, आंबोलीत नव्हे. गोळीला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर घाट सुरू झालेला असतो.

पायात पट्टा असलेली, तळ खडबडीत असलेली सँडल. साध्या रबरी चपलेने जांभ्या दगडावरच्या शेवाळावर उभंसुद्धा राहता येत नाही.

## ६. वेळापत्रक: शेवटून सुरू करा

जुलैत सूर्य सातच्या पुढे मावळतो, पण आंबोलीच्या धुक्यात सहालाच अंधारून येतं. म्हणून:

- घाट संपवून आंबोली गावात: ५:००
- त्यासाठी पायथ्याला दाणोलीत: ४:१५
- त्यासाठी सावंतवाडीतून बाहेर: ३:४५
- त्यासाठी किनारा सोडायचा: २:४५

हा २:४५ चा आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. तो बदलायचा नाही. जेवण राहिलं असेल तर सावंतवाडीत जेवा.

आता पुढून. बेळगाव ते आंबोली सुमारे ६५ ते ७० किलोमीटर, पावसात दोन तास धरा. आंबोली ते सावंतवाडी ३०, तिथून किनारा आणखी २५ ते ३५ किलोमीटर. पहाटे ५:३० ला निघालात तर दहाच्या आसपास किनाऱ्यावर पोचाल. हातात पावणेपाच तास. सातला निघालात तर तीनच, म्हणून सातला निघू नका.

पावणेपाच तासांत सगळं होत नाही, हेही मान्य करा. मालवणही करायचं असेल तर एक मुक्काम घ्या. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. तिकडे फक्त किल्ल्यासाठी धावू नका.

सावध: आंबोलीचा धबधबा जाताना बघायचा, येताना नाही. आणि जाताना वीस मिनिटं. घड्याळ खातो तो धबधबाच.

## ७. घाट उतरताना

ज्या गिअरमध्ये गाडी हा चढ चढली असती त्याच गिअरमध्ये ती उतरवा. दुसरा गिअर, पाय ब्रेकवरून उचललेला, वळणाआधी थोडा ब्रेक, वळणात नाही. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअलमध्ये घ्या. न्यूट्रलमध्ये घाट उतरवणारे अजून भेटतात. त्यांच्या गाडीतून येणारा ब्रेकचा जळका वास आला तर त्यांना हात करून थांबवा. त्या वासानंतर ब्रेक कधी सोडून देईल सांगता येत नाही. वीस मिनिटं थांबून चाकं निवू द्यावीत, त्यावर पाणी ओतू नये.

धुक्यात लोक चारी इंडिकेटर लावून चालवतात. त्याने मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही, आणि थांबलाय की चालताय तेही नाही. हेडलाइट खाली, धुक्याचे दिवे चालू, वळणावर हॉर्न. चारी इंडिकेटर फक्त थांबल्यावर.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. देताना साइडपट्टीवर उतरू नका. वरून गवत दिसतं, खाली मातीचा चिखल असतो.

सगळ्यात महत्त्वाचं डोंगराच्या बाजूला बघायचं. पांढरं पाणी पडतंय तोवर ठीक. तेच पाणी लाल होऊन बारीक खडे, मुळं, चिखल घेऊन येऊ लागलं की तो उतार सुटायला लागला आहे. फोटोला थांबू नका, मागे असाल तर मागेच थांबा, पुढे असाल तर निघून जा. कापलेल्या डोंगराखाली गाडी लावून चहा पिणं तर कधीच नको.

मोटरसायकलवाल्यांसाठी: पांढरे पट्टे, पडलेली पानं आणि डांबरावरचं डिझेलचं इंद्रधनुष्य, ही तीन घसरायची ठिकाणं. पुढचा ब्रेक झटक्याने नको. मागे बसणाऱ्याने छत्री उघडू नये, हे लिहावं लागतंय कारण दर वर्षी दिसतं.

रात्रीचा घाट टाळायला आणखी एक कारण मला जवळचं वाटतं. पावसाळी रात्री आंबोलीच्या रस्त्यावर बेडूक उतरतात. फक्त याच भागात सापडणारा आंबोली भेक त्यांतलाच. अंधारात तो टायरखाली कधी आला ते कळतही नाही.

तपासा (दाणोलीत): ब्रेकचा वास येतो का? घड्याळात काय वाजले? साडेनऊ झाले असतील तर वेंगुर्ला गाळा, फक्त शिरोडा-रेडी करा.

## ८. किनाऱ्यावरचा रस्ता: दक्षिणेकडून उत्तरेकडे

सावंतवाडीहून बहुतेक जण आधी वेंगुर्ल्याला जातात आणि खाली रेडीकडे उतरतात. उलटं करा. सावंतवाडी–मळेवाड–आजगाव–शिरोडा असं जाऊन आधी रेडी गाठा आणि मग शिरोडा, आरवली, मोचेमाड, वेंगुर्ला असं वर या. असं आलात की समुद्र तुमच्या डाव्या हाताला राहतो. थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही, मुलं उतरतात ती समुद्राच्याच बाजूला.

एक आधीच सांगतो, म्हणजे हिरमोड होणार नाही. हा रस्ता सगळा समुद्राला लागून नाही. बराचसा नारळी-पोफळींतून, कौलारू घरांमधून जातो. समुद्र मधेच दिसतो आणि दिसतो तेव्हा एकदम. मोचेमाडच्या चढावरून खाली खाडी, तिच्या तोंडाशी वाळू आणि पुढे राखाडी दर्या असं एका नजरेत येतं. पाऊस तिरका येत असेल तर समुद्र आधी ऐकू येतो, मग दिसतो. तिथे गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घेऊन दहा मिनिटं थांबा.

क्रम भरतीवर ठरवा. पाणी चढतं असताना देवळं आणि किल्ला, पाणी उतरलं की वाळू. रेडीचा गणपती, यशवंतगड आणि आरवलीचा वेतोबा हे भरतीच्या वेळेसाठी. वेतोबाला चपला आणि केळ्यांचा घड वाहतात, तो देवळाजवळच मिळतो. यशवंतगडावर वडाच्या मुळांनी भिंती धरल्या आहेत, पायऱ्यांवर शेवाळ असतं. काठी घ्या, भिंतीच्या फटीत हात घालू नका, साप असतात. शिरोड्याचं वेळागर आणि वेंगुर्ल्याचं सागरेश्वर ओहोटीसाठी.

मासे खायचे मनात असतील तर हे ध्यानात ठेवा: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. या काळात ताटात सुरमई आली तर ती बहुधा बर्फातली. खाडीचे मासे, तिसऱ्या किंवा सुका बांगडा मागा, जास्त चवदार लागेल. खानावळीला सकाळी नऊलाच फोन करून माणसं सांगा. ऐनवेळी गेलात तर तासभर जातो, आणि तो तास २:४५ मधून कापला जातो.

## ९. पाण्याजवळ

पावसाळ्यात घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. पोहता येणाऱ्यांनीही नाही. आपण राकसकोप धरणाच्या आणि विहिरीच्या पाण्यात शिकलेली माणसं, समुद्राची ओढ वेगळी.

पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं फक्त बघा. लाटा सारख्या नसतात, काही वेळाने दोन-तीन मोठ्या एकामागोमाग येतात. खडकावर ओला डाग किती वर गेलाय ते बघा. आत्ता लाट तिथे पोचत नसली तरी मघाशी पोचली होती. त्या डागाच्या बरंच वर उभं राहा.

लाटा दोन्हीकडे फुटताहेत आणि मध्ये एक पट्टा शांत, गढूळ दिसतो. लोक मुलांना तिथेच उतरवतात, कारण तिथे लाट नाही. किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्याच पट्ट्यातून परत आत जात असतं. पायाखालची वाळू निसटायला लागली की बाहेर या. कुणी ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नये, आधी किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावं आणि पट्टा संपला की मग बाहेर यावं. बघणाऱ्यांनी मागे उडी घेऊ नये. दोर, रिकामा कॅन, जे तरंगेल ते फेकावं आणि ११२ ला फोन करावा. रुग्णवाहिकेचा १०८ कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा तिन्ही राज्यांत चालतो.

एखादी मावशी माडाखालून "पाण्यात जाव नकात" म्हणाली तर लगेच मागे व्हा. तिने तो किनारा जन्मभर बघितला आहे.

सावध: गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू टणक दिसते, चाक फिरलं की खाली जातं, आणि भरती ट्रॅक्टर येईपर्यंत थांबत नाही.

## १०. परत

२:४५ ला निघायचं. किनारा सोडण्याआधी सावंतवाडीत किंवा आंबोलीत कुणाच्या ओळखीच्या माणसाला फोन करून घाट चालू आहे का विचारा. बंद असेल तर सावंतवाडीतच मुक्काम करा. दुसऱ्या घाटाने वळसा घालून रात्री बेळगाव गाठायचा हट्ट करू नका, एक घाट बंद पडला त्या दिवशी दुसऱ्यावरही तोच पाऊस असतो.

रस्त्यावरून पाणी वाहत असलेली मोरी किंवा फरशी पूल लागला तर खालचा रस्ता दिसतो का बघा. दिसत नसेल तर थांबा. फूटभर वाहतं पाणी छोट्या गाडीला ढकलू शकतं. पाणी उतरलेल्या मोरीतून गेलात तर पुढे हळू चालवत ब्रेक दोन-तीनदा अलगद दाबून वाळवा.

आंबोलीत वर आल्यावर गाडी थांबवा, ड्रायव्हरला चहा द्या. चंदगडपर्यंत रस्ता सोपा वाटतो आणि तिथेच डोळा लागतो. शक्य असेल तर इथे ड्रायव्हर बदला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखालून गोड्या पाण्याची पाइप मारा, चाकांच्या आतून आणि बंपरच्या खालूनसुद्धा. पहिल्यांदा ब्रेक दाबताना थोडा खर्रर्र आवाज येईल, तो रात्रीत चढलेला गंज. दोन-चार वेळा दाबल्यावर जातो. नाही गेला तर त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या.